दूरचे अणुअपघात आणि आपले लोकमत

बुलढाणा जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही, युरेनियमची खाण नाही, आणि समुद्र घाटावरच्यांना जेवढा दूर तेवढाच घाटाखालच्यांनाही. तेव्हा चेर्नोबिल आणि फुकुशिमा यांची नावे घेऊन येथल्या श्रोत्यांपुढे उभे राहणे म्हणजे विहीर नसलेल्या गावात पोहण्यावर व्याख्यान देणे होय, असे कोणी म्हटले तर आम्हांस त्याचा राग येणार नाही. परंतु आपल्या घरातला दिवा ज्या तारांवर जळतो, त्या तारांत देशभरच्या केंद्रांची वीज एकत्र वाहते. कोकणात अणुभट्टी बांधावी की नाही, याचा निर्णय ज्या संसदेत व ज्या विधानसभेत होतो, तेथे आपलाही प्रतिनिधी बसतो. म्हणजे धोका आपल्या दारात नसला तरी मत आपल्यापाशी आहे. ते मत कशाने बनते, हे तपासून पाहणे हाच या लेखाचा विषय आहे.

सर्वसाधारण समज असा की, दूर कोठे अणुअपघात झाला की लोक घाबरतात, घाबरले की विरोध करतात, आणि विरोध झाला की सरकार मागे हटते. हा हिशेब सोपा आहे, पण खरा नाही. तीच बातमी एका देशात सरकार उलथते, दुसऱ्या देशात आठवडाभर वर्तमानपत्राचे रकाने भरून विरून जाते. असे का व्हावे? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : दूरची आपत्ती नवे मत निर्माण करीत नाही. जवळ आधीच जे दुखत असते, त्याला ती शब्द देते आणि काही काळ सरकारचे कान उघडे ठेवते. तो काळ फार थोडा असतो. तेवढ्यात जे कागदावर, कायद्यात, नियमात उतरते तेवढेच मागे राहते. आणि तेही राखणदार नसेल तर पुढे पुसले जाते.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. अणुभट्टीत युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर जनित्र फिरते. शेवटचा भाग आपल्या शेजारच्या पारसच्या औष्णिक केंद्रासारखाच. फरक आहे तो जाळात. वीटभट्टीचा जाळ बंद केला तरी भट्टी अनेक दिवस धगधगत राहते, हे आपण पाहिलेले आहे. अणुभट्टीचे याहून कठीण आहे. ती बंद केल्यावरही आतले पदार्थ नवी उष्णता निर्माण करीतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा-सात टक्के असते, आणि हळूहळू उतरते. म्हणून बंद भट्टीलाही पाणी फिरवीत राहावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये महाभूकंप झाला तेव्हा फुकुशिमाच्या चालू भट्ट्या नियमाप्रमाणे बंद पडल्या होत्या. पण मागून सुमारे चौदा-पंधरा मीटर उंचीची समुद्राची लाट आली, डिझेलची जनित्रे बुडाली, पाणी फिरवायला वीज उरली नाही, आणि तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. वीज निर्माण करणारे केंद्र विजेवाचून गेले.

दुसरे वैशिष्ट्य असे की, किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, जिभेला लागत नाही. तो मोजायला यंत्र लागते, आणि यंत्र सरकारजवळ असते. पूर आला तर पाणी कोठवर चढले ते गावकरी स्वतः सांगतो; किरणोत्सर्गाच्या बाबतीत त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून अणुअपघाताची भीती अर्धी किरणांची आणि अर्धी सांगणाऱ्याच्या खरेपणाची असते.

याचा छोटा अनुभव आपल्या जिल्ह्यानेही घेतला आहे. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. अणूचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण कारण दिसेना, तेव्हा लोकांनी पाण्याकडे बोट दाखविले, साबणाकडे दाखविले, शेजाऱ्याकडेही दाखविले. बाहेरगावची माणसे त्या गावच्या माणसाजवळ बसायला कचरू लागली. पुढे दिल्लीहून संशोधक आले, नमुने घेतले गेले, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तातल्या जादा सेलेनियमकडे व रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. मधल्या काळात जे घडले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण न दिसणारा धोका आणि वेळेवर न मिळणारे उत्तर, या दोहोंच्या मध्ये अफवा घर बांधते. जपानात २०११ साली भट्ट्या वितळल्या, तेव्हा चीनमधल्या शहरांत लोकांनी मिठाच्या दुकानांपुढे रांगा लावल्या. मिठातले आयोडीन किरणांपासून वाचवील अशी वार्ता पसरली होती. चिनी माणूस मूर्ख होता म्हणून हे झाले नाही. विश्वास ठेवावा असे उत्तर त्याला वेळेवर मिळाले नाही, म्हणून झाले.

आता दूरच्या आपत्तीने राजकारण कसे हलते ते पाहू. सर्वांत जुने उदाहरण १९५४ चे आहे. त्या वर्षी १ मार्च रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटाजवळ हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांपैकी बिनतारी यंत्र सांभाळणारा कामगार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मरण पावला. हिरोशिमा आणि नागासाकी सोसलेल्या देशात ही बातमी पोहोचली आणि तोकियोच्या एका भागातल्या गृहिणींनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. वर्ष-दीड वर्षात तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. मासळी बाजारातल्या गिऱ्हाइकाने सुरू केलेली ही चळवळ होती. इकडे पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत अशा चाचण्या निदान तहकूब तरी कराव्यात, अशी मागणी जगापुढे ठेवली. पुढे ठिकठिकाणच्या दुधात आणि लहान मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम सापडू लागले, तेव्हा आयांचा आवाज आणखी वाढला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत करार झाला आणि हवेत, पाण्यात व अवकाशात चाचण्या करण्यास बंदी आली. पण जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या. जे लोकांच्या दुधात उतरत होते ते थांबले. जे नजरेआड होते ते थांबले नाही. लोकमताची ताकद आणि लोकमताची मर्यादा, दोन्ही या एका करारात दिसतात.

दुसरे उदाहरण चेर्नोबिलचे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत युक्रेनमधल्या त्या केंद्राची चौथी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात गावातली सुमारे ४९ हजार माणसे हलविली गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. जगाला ही गोष्ट सोव्हिएत सरकारने प्रथम सांगितली नाही. २८ तारखेला स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. तो आपल्या केंद्रातला नाही हे कळल्यावर वाऱ्याची दिशा पाहिली गेली, आणि मग मॉस्कोने त्रोटक निवेदन केले. आमच्यासारख्या कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्यापुढची गोष्ट अधिक बोचते. १ मे रोजी, कामगारदिनी, कीव्ह शहरात मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. केंद्र तेथून जेमतेम शंभर किलोमीटरवर. वारा शहराकडे वळलेला. आणि रस्त्यावर बाया-मुले लाल निशाणे घेऊन चाललेली. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने कामगारांच्या सणाला कामगारांपासून सत्य लपविले. पुढे त्या देशाचे प्रमुख मिखाईल गोर्बाचेव्ह यांनीच २००६ साली असे मत मांडले की, सोव्हिएत संघ कोसळण्याचे खरे कारण कदाचित चेर्नोबिल असेल. भट्टी फुटल्याने राज्य पडत नसते. खोटे बोलण्याची सवय उघडी पडली की पडते.

चेर्नोबिल आणि महाराष्ट्र यांची गाठ कोठे पडली, हे आज फारच थोड्यांच्या स्मरणात असेल. ती पडली लोण्याच्या डब्यात. युरोपीय देशांकडून मदत म्हणून आलेले सुमारे दोनशे टन आयरिश लोणी मुंबईत उतरले होते. चेर्नोबिलची धूळ युरोपच्या कुरणांवर पडली, गाईंनी ते गवत खाल्ले, तेव्हा या लोण्यातही किरणोत्सर्ग असणार, अशी शंका मुंबईतल्या नागरिकांनी काढली आणि उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे यश आले नाही, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने जी मर्यादा घालून दिली आहे तिच्या आतले दुग्धपदार्थ खाण्यास धोका नाही, असा अभिप्राय समितीने दिला, आणि १९८८ साली अर्ज निकालात निघाला. नागरिक हरले, असे वरवर दिसते. परंतु आमच्या मते त्यांनी एक मोठे काम केले. परदेशातून येणाऱ्या अन्नात किती किरणोत्सर्ग चालेल, तो आकडा कोण ठरवितो आणि कोण मोजतो, हा प्रश्न त्यांनी भर न्यायालयात विचारला. त्यांनी भीतीवर दंगा केला नाही. भीतीचा अर्ज केला. सुजाण लोकमत याहून वेगळे काय असते?

आता फुकुशिमाकडे येऊ. भूकंप आणि लाट यांनी जपानात १८ हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. अणुकेंद्राच्या परिसरातून दीड लाखाच्या आसपास लोकांना घरे सोडावी लागली. त्या धावपळीत इस्पितळांतले कित्येक वृद्ध दगावले. किरणांनी तत्काळ माणसे मेली नाहीत. एका कामगाराचा कर्करोगाने झालेला मृत्यू किरणोत्सर्गामुळे झाला, असे जपान सरकारने २०१८ साली मान्य केले. हे आकडे आम्ही मुद्दाम शेजारी शेजारी ठेवीत आहोत. कारण जगाच्या स्मरणात लाट राहिली नाही, भट्टी राहिली. धनबादजवळच्या चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास खाणकामगार बुडाले. कोळशाच्या विजेला त्यामुळे कोणी नको म्हटले नाही. रोजचा मृत्यू सवयीचा होतो आणि अनोळखी मृत्यू राजकारण हलवितो. हे न्याय्य नाही, पण असे आहे.

फुकुशिमाची बातमी सगळ्या देशांत एकाच दिवशी पोहोचली, फळे मात्र निरनिराळी आली. जर्मनीत आंगेला मेर्केल यांच्या सरकारने २०१० साली अणुभट्ट्यांचे आयुष्य वाढविले होते. अपघातानंतर चार दिवसांच्या आत त्यांनी जुन्या भट्ट्या थांबविल्या. त्याच मार्च महिन्यात बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताच्या निवडणुकीने हरित पक्षाला प्रथमच एका प्रांताचे प्रमुखपद दिले. जूनअखेर अणुवीज सोडण्याचा कायदा संसदेत मंजूर झाला, आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन भट्ट्या बंद झाल्या. इटलीत जून २०११ च्या सार्वमतात ९४ टक्के मते अणुविजेविरुद्ध पडली. शेजारच्या फ्रान्समध्ये मात्र, जेथे तेव्हा तीन-चतुर्थांश वीज अणूची होती, भट्ट्या चालूच राहिल्या. आणि खुद्द जपानने सगळ्या भट्ट्या बंद करून ऑगस्ट २०१५ पासून एकेक पुन्हा सुरू केल्या.

एकच पाऊस, आणि चार शेतांत चार पिके. कारण जमीन आधी कशी राखली होती त्यावर पीक अवलंबून असते. जर्मनीत १९७५ साली व्हील नावाच्या गावी द्राक्षबागांच्या शेतकऱ्यांनी अणुकेंद्राची जागा अडवून धरली होती. पुढे त्यातून आणि इतर चळवळींतून १९८० साली एक पक्ष उभा राहिला. तीस-पस्तीस वर्षे नांगरलेल्या जमिनीवर फुकुशिमाचा पाऊस पडला. फ्रान्सने १९७३ च्या तेलटंचाईनंतर अणूवर सगळी भिस्त ठेवली. तेथे कामगारांच्या नोकऱ्या, गावांची उत्पन्ने आणि राष्ट्राचा अभिमान त्यात गुंतला होता. दगडावर पाऊस पडला आणि वाहून गेला.

ही कसोटी आता आपल्या महाराष्ट्राला लावू. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या जमिनीवर जैतापूर अणुवीज प्रकल्प ठरला : प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, आणि सुमारे ९३८ हेक्टर जमीन. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने ३५ अटी घालून परवानगी दिली. डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीत करार झाला. आता तारखा पाहा. जमिनीचे संपादन आणि त्याला विरोध हा सगळा फुकुशिमापूर्वीचा आहे. बहुसंख्य खातेदारांनी भरपाईचे चेक घेतले नव्हते. मे २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी झाली, तेव्हा लोकांनी विचारलेले प्रश्न आंब्याचे, मासळीचे, आणि संपादनाच्या घाईचे होते. केंद्राचे कोमट पाणी समुद्रात सुटले तर साखरी नाट्याच्या मच्छीमाराच्या जाळ्यात काय येईल, हा प्रश्न फुकुशिमाने त्यांना शिकविला नाही. तो त्यांच्या होडीतच होता.

मग फुकुशिमाने काय केले? आजवर जो प्रश्न ‘कोकणातल्या चार गावांची कटकट’ म्हणून बाजूला सारला जाई, तो मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत पोहोचला. एप्रिल २०११ मध्ये तारापूर ते जैतापूर अशी यात्रा निघाली. तिच्यात निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास यांची नावे होती. तारापूर या नावालाही अर्थ होता. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्याच कुळातल्या, म्हणजे भट्टीतच पाणी उकळणाऱ्या, अमेरिकी बनावटीच्या. तेव्हा सरकारलाही देशातल्या सर्व केंद्रांची फेरतपासणी करवून घ्यावी लागली. शिवसेनेने जैतापूरच्या विरोधात उडी घेतली, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे राज्य सरकार प्रकल्पाच्या बाजूने ठाम राहिले, आणि प्रश्न अणूचा की निवडणुकीचा हे सांगणे कठीण झाले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला. जपानमधल्या लाटेचा हिशेब मांडताना ही नोंद विसरू नये. भट्टीची पायाभरणी होण्यापूर्वीच एक जीव गेला होता.

जैतापुरात आजपर्यंत एकही भट्टी उभी राहिलेली नाही. हा लोकांचा विजय असे म्हणण्याचा मोह होतो, पण कार्यकर्त्याने स्वतःची फसवणूक करू नये. त्याच जातीची भट्टी फिनलंडमध्ये २००५ साली बांधायला घेतली, ती नियमित चालू व्हायला २०२३ उजाडले. खुद्द फ्रान्समधली २००७ ची भट्टी २०२४ च्या डिसेंबरात वीज देऊ लागली. ती बनविणारी अरेवा कंपनी आर्थिक डबघाईला आली आणि काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेले. विजेचा दर काय पडणार आणि अपघात झाल्यास भरपाई कोण देणार, या दोन प्रश्नांवर वाटाघाटी वर्षानुवर्षे अडल्या. लोकांच्या विरोधाने वेळ मिळवून दिला. बाकीचे काम पैशाने केले. फुकुशिमानंतर २०१३ साली भरपाईचा दर हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढविला गेला आणि अनेकांनी चेक घेतले, हेही सांगितले पाहिजे. कर्जात असलेल्या माणसाने किती काळ तत्त्वावर बसून राहावे, हे त्याच्या जागी नसलेल्यांनी ठरवू नये.

भरपाई कोण देणार, या प्रश्नाचे मूळ मात्र जपानात नसून भोपाळात आहे, आणि आमच्या मते या सबंध विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला, आणि १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसंबंधी नवे प्रकरण घातले गेले. आपण कशाशी काम करतो ते जाणून घेण्याचा आणि धोका दिसताच तो वर कळविण्याचा कामगाराचा हक्क त्यात लिहिला गेला. १९४८ चा तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. पण जिनिंगच्या कापसाच्या धुळीत उभ्या असलेल्या कामगाराला जेव्हा आम्ही ते कलम वाचून दाखवीत असू, तेव्हा त्या कलमाखाली भोपाळच्या किती माणसांची सही आहे, हे सांगायला आम्ही चुकत नसू.

याच भोपाळने अणूच्या कायद्यालाही हात घातला. ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी, भोपाळच्या न्यायालयाने आरोपींना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि देशभर संताप उसळला. त्याच वेळी संसदेपुढे अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचे विधेयक होते. जगाची रीत अशी की, अपघाताची भरपाई केंद्र चालविणाऱ्याने द्यावी आणि यंत्र पुरविणारी कंपनी मोकळी राहावी. परंतु भोपाळच्या निकालाने पेटलेल्या लोकमतापुढे कोणत्याही पक्षाला परदेशी कंपनीची बाजू घेणे शक्य नव्हते. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला, तेव्हा त्यात सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादाराकडून पैसा वसूल करण्याचा हक्क केंद्र चालविणाऱ्याला दिला गेला. एका वायूच्या आपत्तीने अणूचा कायदा लिहिला, तोही अपघातानंतर सव्वीसाव्या वर्षी.

पण कायदा लिहिला म्हणजे काम संपले असे नाही. फुकुशिमानंतर स्वतंत्र नियामक संस्था नेमण्याचे आश्वासन सरकारने दिले. सप्टेंबर २०११ मध्ये विधेयक लोकसभेत मांडले गेले. २०१२ साली महालेखापालांनीही असलेल्या मंडळाला पुरेसे स्वातंत्र्य नाही, असा ठपका ठेवला. विधेयक मात्र पडून राहिले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर संपले. भीती ओसरली होती, विचारणारे कोणी उरले नव्हते. आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा केला, त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाईचा कायदा दोन्ही रद्द ठरविले. अणुविजेचे दार खाजगी कंपन्यांना उघडले. नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला, ही जमेची बाजू. पण पुरवठादाराच्या सदोष यंत्राबद्दल वसुलीचे ते खास कलम गेले. हे बरोबर की चूक, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. वीज हवी, कोळशाचा धूर कमी हवा, आणि ते कलम असताना कोणी यंत्र विकायला तयार नव्हते, हा युक्तिवाद पोकळ नाही. आम्हांस खटकते ते वेगळेच. जे कलम लिहिताना देश पेटला होता, ते पुसताना आपल्या गावच्या चहाच्या टपरीवर त्याची चर्चाही झाली नाही.

अणुकेंद्राच्या आतल्या माणसाविषयी दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे, कारण लोकमत कुंपणाबाहेरच्यांची काळजी करते आणि आतल्याला विसरते. किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसिव्हर्ट या मापाने मोजतात. जगातल्या सामान्य माणसाला माती, आकाश आणि अन्न यांतून वर्षाला सरासरी अडीच मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळतच असते. आपल्या देशात अणुकामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० अशी आहे. जपानात आणीबाणीच्या कामासाठी ही मर्यादा १०० होती. फुकुशिमा घडल्यावर ती काही दिवसांतच २५० केली गेली. कामगाराचे शरीर तेच, आकडा बदलला. आणि ते काम करणाऱ्यांत कंत्राटदारांनी आणलेली माणसे फार होती. चेर्नोबिल साफ करायला सुमारे सहा लाख माणसे लावली गेली. त्या पहिल्या रात्रीच्या आगवाल्यांपैकी आणि कामगारांपैकी २८ जण किरणांच्या आजाराने काही महिन्यांत मरण पावले. वेळ आली म्हणजे मर्यादा कोणाच्या सहीने वाढेल, आणि वाढविण्यापूर्वी कामगाराला विचारले जाईल काय, हे अपघातापूर्वी लिहून घ्यायचे असते. अपघाताच्या दिवशी कोणी वाटाघाटीला बसत नाही.

तर मग घाटावरच्या आणि घाटाखालच्या नागरिकाने करावे काय? अणुविजेच्या बाजूने असावे की विरुद्ध, हे आम्ही सांगणार नाही. आपल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत मोटार सुरू करायला शेतात जावे लागल्याचे दुःख सोसले आहे. त्याला विजेची गरज शिकविण्याचा अधिकार कोणाला नाही. पण गरज आपली आणि धोका माडबनचा, अशी ही वाटणी आहे, एवढे तरी त्याने ओळखावे. जी अट आपण आपल्या गावासाठी मागितली असती, ती माडबनसाठी मागावी.

आणि दूरची बातमी येईल तेव्हा, कारण ती केव्हा तरी येणारच, घाबरण्यात किंवा हसण्यात पहिला आठवडा घालवू नये. तेव्हा चार प्रश्न विचारावेत. मोजमाप कोणी केले आणि ते दुसऱ्या कोणाला तपासता येईल काय? निर्णय ज्यांच्या जमिनीवर झाला त्यांना केव्हा विचारले? नुकसान झाल्यास पैसा कोणाच्या खिशातून येईल? आणि आतल्या कामगाराची मर्यादा कोणत्या कागदावर लिहिली आहे? हे प्रश्न अणूपुरते नाहीत. औष्णिक केंद्राची राख, खताच्या कारखान्याचे पाणी, रेशनचा गहू, कशालाही ते लागू पडतात. आपल्या आमदार-खासदारांना ते पत्राने विचारता येतात, ग्रामसभेत विचारता येतात, माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जानेही विचारता येतात. असे पत्र धाडायला अपघाताची वाट पाहावी लागत नाही, हे सांगून आम्ही थांबतो.